ओल धरलेला कोपरा

रविवारी सकाळी सगळे दुकानामागच्या गोदामात जमले, तेव्हाच बिट्टीच्या आईला कळलं, आज काहीतरी मोठं ठरणार. या घरात स्वयंपाकघरात बोलायच्या गोष्टी वेगळ्या आणि गोदामात बोलायच्या वेगळ्या. काकांचं लग्न गोदामात ठरलं. दोघा भावांनी वेगळं व्हायचं की नाही, ते भांडण इथेच पेटलं आणि इथेच विझलं. अण्णांनी आता काम थांबवायचं इथेच सगळ्यांसमोर कबूल केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शिडीवर चढले, तो भाग वेगळा. रंगाचे डबे भिंतीकडे सरकवायचे, दोन पिंपांवर एक जुना दरवाजा आडवा टाकायचा, की झालं टेबल. त्या दरवाज्याची कडी कुणी काढलीच नव्हती. चिडून कुणी हात आपटला की ती खणखणायची.

आज टेबलावर होती बिट्टी. म्हणजे बसली होती स्टुलावरच, पण विषय तीच होती.

शाळेचं शेवटचं वर्ष. बसनं अर्ध्या तासावर असलेल्या कॉलेजनं तिला शाळेतल्या मार्कांवरच जागा देऊ केली होती. परीक्षा नाही, मुलाखत नाही, या आणि बसा. फक्त सोमवारी दुपारपर्यंत हो म्हणायचं, आणि एकदा हो म्हटलं की बाकी सगळीकडचे अर्ज रद्द. दुसऱ्या बाजूला होती तीन मोठी कॉलेजं, आणि त्यांतलं सगळ्यात मोठं ते टेकडीवरचं. तिन्हींची मिळून प्रवेश परीक्षा एकच, ती पुढच्या महिन्यात. हजारो मुलं बसणार आणि गणिताच्या वर्गात घेणार मूठभर. हातातली जागा सोडली आणि तिकडेही नाही जमलं, तर वर्ष गेलं. वर्षभर बापाबरोबर भिंती खरवडायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

"हं," अण्णा म्हणाले. ते उपड्या बादलीवर बसले होते. रंगकामाचा हा धंदा त्यांनी एका ब्रशवर उभा केला होता आणि घरातला शेवटचा शब्द अजून त्यांचाच असायचा. "मी काय ऐकलंय ते सांगतो. टेकडीवाले पोरीला घेण्याची शक्यता शून्य. तसं असेल तर बैठक कशाला? उद्या हो म्हणून टाका आणि चहा आणा."

बिट्टी ताडकन उठली. "शून्य? शून्य कोण म्हणालं?"

अण्णांनी काकांकडे हनुवटी वळवली. काका म्हणजे अण्णांचा थोरला. कामं आणणं, भाव ठरवणं, गिऱ्हाइकाची कटकट ऐकणं हे सगळं त्यांच्याकडे, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत आधी काय बिघडेल तेच त्यांना दिसायचं.

"मी शून्य नाही म्हटलं हं," काका म्हणाले. "मी म्हटलं, कठीण आहे, धरून चालू नका."

"म्हणजे शून्यच की," अण्णा म्हणाले.

"आणि तुम्हाला कोण म्हणालं कठीण आहे म्हणून?" बिट्टीनं काकांना विचारलं.

काकांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. बिट्टीचा बाबा आयुष्यभर शिडीवर राहिलेला. जमिनीवर असला की हातांचं काय करावं हेच त्याला कळत नसे. आताही त्यानं ते खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले. "मी म्हटलं दहात तीन. दहात तीन काही वाईट नाही."

"बाबा! आणि तुला?"

बाबानं आईकडे पाहिलं. आईनं दरवाज्याच्या कडीकडे पाहिलं.

"वहिनी?" आत्या म्हणाली. आत्या दोघा भावांमधली. शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तिच्या हातच्या. गोदामाची किल्ली तिच्या कमरेला असायची, त्यामुळे कुठला रंग किती आला नि किती उरला, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसायचं.

"मी निम्मे म्हटलं," आई म्हणाली. "म्हणजे, निम्मे, तेही पेपर बरा गेला तर."

"आई, मी तुला पाचात तीन सांगितलं होतं!"

"अगं, पाचात तीन म्हणजे निम्म्याच्या आसपासच ना?"

"नाही!" बिट्टीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं होतं. गणितात कुणी असा ढिलेपणा केला की ती अशीच व्हायची, आणि हे तर तिचं स्वतःचं गणित होतं.

"थांब, थांब," आत्यानं हात वर केला. "तुझे ते गणिताचे सर काय म्हणाले होते? खरं सांग."

बिट्टी जरा वरमली. स्टुलावर परत बसली. "पाचात चार," ती पुटपुटली.

"मग तू तीन का सांगितलंस?"

"उगीच जास्त कशाला सांगायचं, म्हणून."

आत्या अशी हसायला लागली की तिला पिंपाचा आधार घ्यावा लागला. "अरे देवा! अरे, हा तर दातांच्या डॉक्टरचा हिरवा रंग झाला!"

त्या हिरव्या रंगाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती आणि कुणालाच आवडत नव्हती. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्याला रंग लावायचा होता. बाबा जाऊन भिंती बघून आला, सहा डबे लागतील असं त्याला वाटलं आणि त्यानं सांगितले सात. काकांनी सातात एक घातला, हाताशी असावा म्हणून. आत्यानं आणखी एक घातला, कारण तो रंग पुन्हा मिळाला नाही तर काय घ्या. अण्णांनी दुकानदाराला फोनवर सांगितले दहा. लागले बरोबर सहा. मग घराचं न्हाणीघर हिरवं झालं, फाटक हिरवं झालं, बिट्टीची सायकल हिरवी झाली, आणि अण्णांची काठी कुणी हिरवी केली याचा तपास अजून लागलेला नव्हता. या घरात मनात आलेला आकडा मनात आला तसा कुणी कधी सांगितलाच नव्हता. जो तो हात राखून सांगायचा, आणि पुढचा माणूस त्यावर आणखी हात राखायचा.

आईला मात्र हसू आलं नाही. हिरवा रंग भिंतीला फासता आला. इथे पोरीचं सगळं आयुष्यच चार जणांनी मिळून शून्यावर आणून ठेवलं होतं, आणि त्यातला एक लचका आपणही तोडला होता, हे तिला चांगलंच टोचलं.

"बरं, शून्य नाही," काका म्हणाले. ते सहजासहजी हार मानणाऱ्यांतले नव्हते. "पण मास्तरांचं पाचात चार तरी खरं कशावरून? मास्तर लोक पोरांना चढवतातच. त्यांचं काय जातंय? वर्ष जाणार आमच्या पोरीचं. तिच्या मैत्रिणी पुढे जातील आणि ही घासकागद घेऊन माझ्यामागे फिरेल. तेव्हा ते मास्तर येणार आहेत का समजूत काढायला?"

"भाऊजींचं बरोबर आहे," आईच्या तोंडून निघून गेलं.

बिट्टीनं तिच्याकडे असं पाहिलं की आईला बोललेलं परत गिळावंसं वाटलं. पण बोललं ते खरंही होतं. भीती वाटत होती तिला. भीती वाटते म्हणायला कसली लाज?

"दादाचं नेहमीच बरोबर असतं," आत्या म्हणाली. तिचं हसू केव्हाच ओसरलं होतं. "माझ्या वेळीही बरोबरच होतं. चित्रकलेच्या कॉलेजात घेतील की नाही सांगता येत नाही, म्हणून मी अर्जच केला नाही. घेतलं असतं का रे दादा?"

"आता ते कशाला उकरून काढतेस?"

"उकरत नाहीये. विचारतेय. तुला माहीत आहे का?"

"मला कसं माहीत असणार?"

"मलाही नाही," आत्या म्हणाली. "हेच सांगतेय. वीस वर्षं झाली, मला अजून माहीत नाही."

काकांनी मान खाली घातली. बाबानं खिशातले हात बाहेर काढून बहिणीच्या स्टुलाच्या पाठीमागे जाऊन उभं राहायचं ठरवलं. आईनं ते पाहिलं. नवरा कुठल्या बाजूला गेला हे कळायला या घरात बोलणं लागायचं नाही, तो कुठे उभा आहे एवढं बघितलं की पुरे.

अण्णांनी काठी जमिनीवर आपटली. "भांडू नका. मला एक सांगा. नवीन घराचं काम घेतो तेव्हा रंग टिकेल की नाही, हे आपण कुणाला विचारतो? गिऱ्हाइकाला?"

"नाही," बाबा म्हणाला. "नमुना मारतो."

"कुठे?"

"ओल धरलेल्या कोपऱ्यात."

"का?"

"तिथे टिकला तर सगळीकडे टिकतो."

याच एका गोष्टीवर या घराचं नाव झालं होतं. बाकीचे रंगारी दारापाशी, छान उजेडात हातभर नमुना मारून दाखवायचे आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. अण्णा मात्र कपाट सरकवायला लावायचे आणि घरातली सगळ्यात वाईट, पापुद्रे सुटलेली जागा शोधून तिथे ब्रश लावायचे. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, पण कामं मिळायची.

"मग मार नमुना," अण्णा बिट्टीला म्हणाले.

तिला लगेच कळलं. ती घरात धावत गेली आणि प्रवेश परीक्षेच्या जुन्या पेपरांचं जाडजूड पुस्तक घेऊन आली. "यातले तीन मी राखून ठेवलेत. अजून उघडलेही नाहीत."

"कुठला सोपा आहे, बघ," आई हळूच म्हणाली.

"सोपा कशाला?" बिट्टीनं पानं उलटली. "हा. सर म्हणाले, या पेपरच्या वर्षी भलेभले रडत बाहेर आले होते."

काकांनी पुस्तक हातात घेतलं, पानावर पेन्सिलची खूण आहे का ते उजेडात धरून बघितलं, मागची उत्तरांची पानं चक्क फाडली आणि घडी करून खिशात घातली. "तीन तास. आणि तपासणार मी."

"तुम्हीच तपासा," बिट्टी म्हणाली. तिच्या आवाजात इतका ठसका होता की अण्णांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

गोदामाचं दार ओढून घेतलं आणि सगळे मागच्या अंगणात येऊन बसले. करायला काही नाही म्हणून बाबानं ब्रश धुवायला काढले. स्वच्छ होते ते, तरी धुतले. आत्यानं चहा केला आणि तो सगळ्यांनी थंड करून प्यायला. शेजारच्या गॅरेजात मेकॅनिक गाडीचं दार ठोकून सरळ करत होता. पाच मिनिटं काकांनी सहन केलं, मग ते स्वतः भिंतीपाशी गेले.

"अरे, जरा थांबशील का? आमची पोरगी आत गणित करतेय."

"मग?"

"मग काय मग? तीन तास दुसरं काही कर. स्क्रू पीळ."

मेकॅनिकनं हातोडी ठेवली. काका परत येऊन बसले आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "नंतर आवाजाचं निमित्त नको."

आई बाबाशेजारी पायरीवर टेकली. बराच वेळ तो ब्रशाचे केस बोटांनी सरळ करत राहिला.

"मी कमी सांगितलं ते का, माहितीय?" ती हळू आवाजात म्हणाली. "आशा लावली आणि नाही झालं, तर तिचं तोंड मला बघवणार नाही."

"हं."

"आणि झालं तर ती जाणार. टेकडी काय बसनं अर्ध्या तासावर नाही. महिनोन् महिने यायची नाही. शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून काउंटरच्या मागे येते, दिवसभरातलं सगळं मला सांगते, तेव्हा कुठे माझा दिवस पुरा होतो. ते संपायला मला नको होतं, म्हणून मी निम्मे म्हटलं. झालं? ऐकलंत?"

बाबानं ब्रश खाली ठेवला. "मी दहात तीन का म्हटलं असेन?" तो म्हणाला.

आईला एकदम भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि हा माणूस एका वाक्यात असं काही बोलून जायचा की बाकी सगळं माफ करावं लागायचं.

तीन तास झाले. बिट्टी बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर शाई होती आणि केस पिंजारलेले होते. "एक अवघड होता," एवढंच ती म्हणाली. काकांनी खिशातून उत्तरं काढली, कानामागची सुताराची पेन्सिल काढली आणि ते टेबलाशी बसले. बाकीचे भोवती उभे राहिले.

पहिली सहा उत्तरं बरोबर निघाली. सातव्याला काका थांबले. "इथे निम्मा असं उत्तर आहे. हिनं तीन छेद सहा लिहिलंय."

"काका, तीन छेद सहा म्हणजे निम्माच!"

"मग निम्मा लिहायला काय झालं होतं? गिऱ्हाइकानं पांढरा मागितला तर मी काय त्याला मिसळा म्हणून दोन डबे देतो? नाही मार्क."

"दादा!" आत्या ओरडली.

पुढे एके ठिकाणी उत्तर बरोबर होतं पण खाडाखोड होती; काकांनी मार्क कापला. एके ठिकाणी सातचा आकडा एकासारखा दिसत होता, तोही कापला. बिट्टी लालबुंद झाली. "हे काय चाललंय? परीक्षेत असं कुणी कापत नाही!"

आणि तेव्हा आई पुढे झाली. तिनं बिट्टीच्या खांद्यावर हात ठेवला आणि घट्ट दाबला.

"कापू दे त्यांना," ती म्हणाली.

"आई, तू पण?"

"कापू दे म्हणते ना. भाऊजी, आणखी कुठे कापता येत असेल तर कापा. अक्षर वाकडं असेल तर त्याचेही कापा. कोपरा ओल धरलेलाच हवा ना? मग होऊ दे चांगला ओला."

काकांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं. आतापर्यंत ती आपल्या बाजूला आहे असं ते धरून चालले होते. मग त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि खरंच आणखी सहा मार्क कापले.

बेरीज त्यांनी एकदा केली. पुन्हा केली. पुन्हा केली तेव्हा बोटांवर. अण्णांनी काठी धरलेल्या हाताची मूठ आवळली होती.

"त्या वर्षी टेकडीवाल्यांनी कितीवर घेतलं होतं?" काकांनी विचारलं. आवाज जरा बसला होता.

"एकाहत्तरवर," बिट्टी म्हणाली. "बाकीच्या दोन्हींचं त्याहून खाली."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. "कापून."

कुणीतरी किंचाळलं. नंतर सगळे म्हणाले ती आत्या होती, पण ती आईच होती. आत्यानं कागद काकांच्या हातातून ओढून घेतला, कापलेलं सगळं परत जोडलं आणि मोठ्यानं वाचलं, "त्र्याऐंशी!" अण्णांनी टेबलावर असा हात मारला की कडी खणखणून दरवाजा पिंपावरून घसरता घसरता राहिला. बाबानं बिट्टीला उचललं, ती शाळेच्या शेवटच्या वर्षातली घोडी झाली आहे हे विसरून, आणि दोघं रंगाच्या डब्यांवर जाऊन आपटले.

काका मात्र अजून आत्याच्या हातातल्या कागदाकडेच बघत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं आणि ते उठून उभे राहिले.

"अरे, ओल धरलेल्या कोपऱ्यात पोरीचा नमुना असा टिकतो!" ते ओरडले. "पाचात चार काय? त्या मास्तरानंसुद्धा हात राखूनच सांगितलंय!"

मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी मेकॅनिकला हाक मारली आणि आता पाहिजे तेवढं ठोक म्हणून सांगितलं. बिट्टी त्यांच्यामागून गेली आणि पाठीमागून त्यांना घट्ट मिठी मारली. ते नाक पुसत म्हणाले, "सातचा आकडा नीट काढायला शीक."

सोमवारी सकाळी जवळच्या कॉलेजात जाऊन नाही म्हणायला सगळेच तयार होते, पण आईनं कुणालाच बरोबर घेतलं नाही. ती आणि बिट्टी, बस. खिडकीत बसलेल्या बाई भल्या होत्या. त्यांनी नाव शोधलं, चष्मा पुढे ओढला.

"जागा सोडताय? दुसरीकडे मिळाली वाटतं?"

"नाही. परीक्षा व्हायचीय," आई म्हणाली.

"अहो ताई!" बाईंनी पेन खाली ठेवलं. "हातातली जागा कुणी अशी सोडतं का? मी रोज बघते. इथे रडत परत येतात लोक, आणि तेव्हा आम्हाला काही करता येत नाही. विचार केलाय ना? म्हणजे, तिकडे मिळण्याची शक्यता तरी किती आहे?"

आईच्या जिभेवर आलं होतं. बरी आहे. निम्मी तरी आहे. देवाच्या मनात असेल तर. सगळी तयार उत्तरं ओळीनं उभी होती आणि त्यातलं कुठलंही दिलं असतं तरी बाईंनी मान डोलावली असती. तिनं शेजारी उभ्या असलेल्या बिट्टीकडे पाहिलं. बिट्टी श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि या पोरीशिवायच्या संध्याकाळी आईला अगदी स्पष्ट दिसल्या.

"शक्यता कसली?" ती म्हणाली. "माझी मुलगी टेकडीवर जाणार आहे. तुम्ही जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका."

बाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि नावावर रेघ मारली.

बाहेर आल्यावर बिट्टी पायऱ्यांवरच थांबली. "आई, तू पाचात पाच सांगितलंस! सरसुद्धा एवढं म्हणाले नव्हते."

"कळतं मला. पाचात पाच म्हणजे किती ते मलाही कळतं," आई म्हणाली. तिनं पोरीचा हात घट्ट धरला होता. "तू अभ्यासाला लाग. आणि आजपासून तुझं कुणी विचारलं ना, तर मी एवढंच सांगणार."